दवाखान्याबाहेरचं बाकडं

मल्लू,

तुझी निधनवार्ता आमच्या पेपरात आतल्या पानावर, खालच्या बाजूला आली. 'अल्पशा आजाराने' असं त्यात छापलं आहे. मजकूर तुझ्या चुलतभावानं पाठवला होता. निधनवार्ता घरच्यांच्या शब्दांत जाते, हा आमच्याकडचा जुना रिवाज, म्हणून मी ते शब्द बदलले नाहीत. तुझा आजार अल्प नव्हता. पहिल्यांदा रक्त दिसलं तेव्हापासून धरलं तर मिरचीचे दोन हंगाम उलटले. एरवी अशी चूक दिसली असती तर मी फोन करून खुलासा मागितला असता. इथं खुलासा कुणाकडं मागायचा, ते कळत नाही.

लिहायला बसतो आणि उठतो. बसण्यावरूनच सुरू करतो. शेवटचे कित्येक महिने तुला बसता येत नव्हतं. दुकानातल्या गादीवर तू एका कुशीवर कलंडायचास आणि गिऱ्हाइकांना सांगायचास, "पाठ धरली हाय." आणि रुद्रभूमीत, पुरायच्या खड्ड्यात, आमच्या डोळ्यांसमोर तुला बसवलं. मांडी घालून, ताठ. तळहातावर लिंग, कपाळावर विभूती. लिंगायतांची रीतच ती. स्वामी मंत्र म्हणत होते आणि माझ्या डोक्यात एवढंच होतं, की आता याला दुखत नसेल. पाठोपाठ दुसरा विचार आला: याची खातरजमा कशी करायची? सवय वाईट. तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही.

मल्लू हे तुझं नाव नाही. ते बदललं आहे आणि ओळख पटेल अशा आणखी काही गोष्टी हलवल्या आहेत. कुठल्या, ते तुला कळेल. आमच्या बातम्यांखाली 'नाव बदलले आहे' अशी ओळ असायची, तेव्हा तू चिडवायचास. "तुमच्या पेपरात आमची मानसं म्हंजे समदी बदललेली नावं. खऱ्या नावाचा एक तरी हाय काय?" मी म्हणायचो, तू दे तुझं नाव, उद्या घेतो. तू म्हणायचास, "अक्का वाचती की तुझा पेपर." इथं आपलं भांडण अडायचं. अजून तिथंच अडलेलं आहे.

अक्का म्हणजे तुझी थोरली बहीण. वाचणाऱ्यांसाठी सांगतो. आई-वडील लवकर गेले, तिनं लग्न केलं नाही. लक्ष्मीपुरीतलं भुसारी दुकान आणि तू, दोन्ही तिनं वाढवलं. सकाळी दुकान उघडलं की गादीवर बसून ती पेपर वाचते, पहिल्या मथळ्यापासून निधनवार्तांपर्यंत. वाचून झाला की त्याचे चौकोन फाडून मिरचीच्या पुड्या बांधायला घेते. कालच्या बातम्या लोकांच्या स्वयंपाकघरात पोचवायचं काम आमच्या वितरण विभागापेक्षा तिनं जास्त केलं आहे.

तू मला पहिल्यांदा सांगितलंस ते फुटबॉलच्या मैदानावर. आपण कॉलेजात होतो. दोन पेठांच्या संघांचा सामना, गॅलरी खच्चून भरलेली, हलगी कडाडतेय, पुढच्या रांगेतला एकजण रेफ्रीच्या घराण्याचा उद्धार करतोय. तू माझ्या कानाशी तोंड आणून म्हणालास, "मला पोरी न्हाईत आवडत." मी म्हणालो, "काय?" तू ओरडून पुन्हा सांगितलंस. तेवढ्यात गोल झाला आणि मागचे चार-पाच जण आनंदानं आपल्या दोघांवर येऊन पडले. बाहेर पडताना मी विचारलं, हे सांगायला तुला हीच जागा सापडली?

"हितं कोन ऐकतंय?" तू म्हणालास. "ह्या गावात गुपचूप बोलायचं असंल तर गर्दीत जायाचं, लगा. घरात न्हाय. घरात दाराआड कोन तरी आत्या असतीच."

मी हसलो होतो. पुढं तुझ्या आजारपणात ते वाक्य मला वारंवार आठवलं आणि दर वेळी थोडं कमी हसू आलं.

रक्ताचं तू अक्काला सांगितलं नाहीस. तिनं धुण्यात पाहिलं. संध्याकाळपर्यंत बोळात निदान झालेलं होतं: मूळव्याध. कारणही नक्की झालं: मिसळीचा कट. आपल्याकडं कमरेखालच्या कुठल्याही दुखण्याचा आरोप आधी कटावर जातो आणि तो बिचारा कधी सुटत नाही. शेजारच्या सायकलवाल्या मामांनी सुरण आणून दिला. चुलतभावाच्या बायकोनं ताकात जिरं घालून तांब्या पाठवला. तू मिसळ सोडलीस. त्यामुळं आपली भेटायची जागा बदलली. आपण दूधकट्ट्यावर भेटायला लागलो. म्हशी शेजारी उभ्या, डोळ्यांदेखत धार काढून ग्लास हातात. तू ओठांवरचा फेस पुसत म्हणायचास, "बघ, आमच्या अक्कानं माझं रेडकू करून टाकलंय."

मग डॉक्टर. पहिल्या डॉक्टरांकडं काय झालं याची नक्कल तू मला कट्ट्यावर करून दाखवलीस. ती मी जशीच्या तशी लिहून ठेवतोय, कारण तुझ्यासारखी आता कुणी करणार नाही.

डॉक्टरांनी विचारलं, "काय त्रास होतोय?"

अक्का म्हणाली, "ह्येला काय इचारता, मला इचारा. ह्यो लाजतोय."

"कधीपासून?"

"दिवाळीपास्नं," चुलतभाऊ म्हणाला.

"न्हाय वो. जोतिबाला गेलतो तवा बी गाडीत वाकडा बसला हुता ह्यो," सायकलवाले मामा म्हणाले.

"लग्न झालंय?"

"बघायलोय की डॉक्टर," अक्का म्हणाली. "तुमच्या बघण्यात हाय काय कोन? पोरगी आमच्यातली पायजे, बाकी आमचं काय म्हननं न्हाय."

डॉक्टर हसले, सगळे हसले, तूही हसलास. मलम मिळालं आणि तिखट बंद झालं, जे आधीच बंद होतं.

दुसऱ्या डॉक्टरांनी निदान तपासायचं तरी ठरवलं. आडवे व्हा, म्हणाले. अक्कानं खुर्ची ओढून उशाशी घेतली. "तपासा की. म्या हाय हितं. ल्हानपनी समदं म्याच केलंय ह्येचं." डॉक्टरांनी पडदा ओढला, अक्कासकट. तू उठून बसलास, पँटची गुंडी लावलीस आणि म्हणालास, उद्या येतो. तो उद्या कितीतरी महिने आला नाही. त्या महिन्यांचा विचार मी करायचा नाही असं ठरवतो, आणि करतो.

अक्काचं काय चुकलं, हे मला आजही सांगता येत नाही. आपल्याकडं दवाखान्यात माणूस एकटा जात नाही. एकटा गेला तर लोक हळहळतात, बिचाऱ्याचं कुणी नाही वाटतं. एखादी बाई डॉक्टरांपुढं बसते तेव्हा तिच्यामागं सासू, नणंद, शेजारीण उभ्या असतात आणि तिघी मिळून तिची पाळी सांगतात. यात कुणाचा दुष्टपणा नसतो. पडदा असतो, पण तू म्हणायचास तसं, "पडद्यानं मानूस दिसत न्हाय, आवाज तर जातोय की." तुझ्या बाबतीत तर मायेचाच अडथळा झाला. रागावायचं कुणावर? राग मात्र आहे.

त्याच दिवसांत शहरात तो परिसंवाद झाला. समलैंगिकांच्या लग्नाचा निकाल लागून गेला होता. न्यायालयानं या संबंधांना गुन्ह्याच्या यादीतून आधीच काढलं होतं. लग्नाचा प्रश्न मात्र कायदे करणाऱ्यांवर सोडला होता. व्यासपीठावर एक वकीलबाई, एक निवृत्त प्राध्यापक, संस्कृतीचे अभ्यासक म्हणवणारे एक गृहस्थ आणि शहरातले एक नावाजलेले सर्जन. मी पुढच्या रांगेत, वही घेऊन. तू मागं खांबाला टेकून उभा. स्वयंसेवक पुन्हा पुन्हा खुर्ची आणत होता आणि तू नको म्हणत होतास.

वकीलबाई तयारीच्या होत्या. जोडीदार अत्यवस्थ असताना दवाखान्यात 'तुम्ही कोण' असं विचारतात, आत सोडत नाहीत, सही चालत नाही, असं त्यांनी सांगितलं. संस्कृतीवाले गृहस्थ म्हणाले, हे सगळं बाहेरून आलेलं खूळ आहे. प्राध्यापकांनी दोन्ही बाजू मांडल्या आणि कुठलीच घेतली नाही. मग प्रश्नोत्तरं. माईक फिरत मागं गेला आणि तुझा आवाज आला.

"माझा प्रश्न डॉक्टरास्नी हाय. बाई म्हनल्या, जोडीदाराला आत सोडत न्हाईत. मोठ्या शहरात न्हाय सोडत असतील. आपल्या हितं आत कुनाला सोडत न्हाईत? समदी गल्ली आत असती. मला सांगा, त्यास्नी भायेर कोन काढनार? पेशंटला डॉक्टरसंगं एकट्यानं बोलायचा हक्क हाय का न्हाय?"

सभागृह खदखदून हसलं. सर्जनही हसले आणि माईक जवळ ओढून म्हणाले, "नातेवाईक हीच आपल्या पेशंटची खरी ताकद आहे. परदेशात माणसं एकटी मरतात, आपल्याकडं नाही." टाळ्या पडल्या. वकीलबाईंनी वाजवल्या, संस्कृतीवाल्यांनीही वाजवल्या. संपूर्ण कार्यक्रमात दोन्ही बाजूंचं एकमत झालं ते तेवढ्या एका वाक्यावर.

माझ्या बातमीत वकीलबाईंचा मथळा होता, संस्कृतीवाल्यांची चौकट होती, सर्जनना एक परिच्छेद होता. दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर तू पेपर घेऊनच आलास.

"माझा प्रश्न कुठाय?"

"जागा नव्हती."

"त्या संस्कृतीला चौकट हाय की."

"ते वक्ते होते. तू श्रोता."

"म्या पेशंट होतो, लगा. तुझ्या बातमीत समदी बसली, पेशंट तेवढा भायेर."

मी म्हणालो, विषय हक्कांचा होता आणि तुझा प्रश्न दवाखान्यातल्या शिस्तीचा. माझं म्हणणं मी मागं घेतलेलं नाही, मल्लू. कायदा नसला तर माणसानं समोरच्याच्या चांगुलपणावर किती वर्षं काढायची? आणि माणसं नावानिशी पुढं आल्याशिवाय कायदा होत नाही, हे मी या धंद्यात राहून पाहिलेलं आहे. तू ग्लास खाली ठेवलास. "तुला मी उजेडात पायजे. मला फक्त दार लावून पायजे. ते बी पाच मिन्टं." म्हैस मध्येच हंबरली आणि तू तिला म्हणालास, "तू तरी गप की, बाई." मुद्दा तिथंच राहिला.

मार्ग तूच काढलास. त्याच टाळ्या घेतलेल्या सर्जनकडं जायचं ठरवलंस. "बघूया तरी, टाळ्या न्हाईत तवा कसा वागतोय." मला म्हणालास, "तू फक्त अक्काला भायेर धर."

"कशी?"

"तू पत्रकार हाईस की. मुलाखत घे."

दवाखान्याच्या व्हरांड्यात एक लांब बाकडं होतं. तुझं नाव पुकारलं गेलं, अक्का पिशवी सावरून उठली आणि मी आडवा आलो. "अक्का, मिरचीच्या बाजारावर लिहितोय. तुमच्याशी बोलायचं होतं. उद्या मजकूर द्यायचाय."

"आत्ता? मल्लू आत गेला की."

"जाऊ दे. तुम्हीच बोला म्हणून सगळ्यांनी सांगितलंय."

अक्का थांबली. दाराकडं बघितलं, माझ्या वहीकडं बघितलं, आणि बसली. अक्का बसली म्हणून चुलतभाऊ बसला, मामाही बसले. आत दार लागल्याचा आवाज आला.

"ल्हिवा," अक्का म्हणाली. "ब्याडगी रंगाला, संकेश्वरी चवीला. ह्ये लोकास्नी ठावं हाय. पर ब्याडगीत दुसरीच मिरची मिसळून जे इकत्यात त्येंची नावं सांगू का? ल्हिवा नावं!"

"नावं नको, अक्का."

"मग कसला वो पत्रकार तुमी?"

मामा हसले. मी वहीत काहीतरी खरडत होतो आणि सगळं लक्ष त्या दाराकडं. आयुष्यभर मी बंद दारांना कान लावायचं काम केलं. त्या दिवशी तीन माणसांना एका दारापासून लांब ठेवायचं काम केलं, आणि आत काय चाललंय हे मलाही कळत नव्हतं. पाच मिनिटांपेक्षा बराच जास्त वेळ गेला. अक्का कोल्ड स्टोरेजपर्यंत पोचली होती.

तू बाहेर आलास तेव्हा तुझा चेहरा धुतल्यासारखा दिसत होता. गाडीवरून परतताना, पुन्हा रहदारीच्या आवाजात, तू सांगितलंस. डॉक्टरांनी सगळं, मैदानावर मला सांगितलेलंही, ऐकून घेतलं, मान वर न करता. मग म्हणाले, "हे आधी सांगायला हवं होतं." तू म्हणालास, "कुठं सांगू? जिथं जाईन तिथं आत बाजार भरलेला." त्यांनी पेन खाली ठेवलं. तुला ओळखलं असावं. निदान तुझा आवाज. उठून दाराची कडी नीट लागली आहे का ते स्वतः बघून आले आणि मग तपासलं. तपासता तपासताच त्यांचा हात थांबला, असं तू म्हणालास. मूळव्याध नव्हती. गाठ होती. तुकडा तपासणीला गेला आणि चार लोकांत उच्चारायला अवघड अशा जागेचा कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी तुला स्पष्ट सांगितलं की बराच वेळ गेला आहे, पण सगळा गेलेला नाही. सगळा गेलेला होता. ते त्यांना तेव्हा माहीत नव्हतं, असं मी धरून चालतो.

उपचारांच्या दिवसांत महेश रोज यायचा. महेश कोडोलीचा, शाळेत चित्रकला शिकवतो, आणि कितीतरी वर्षं तुझा जोडीदार. वॉर्डात तो तुझे पाय चेपत बसायचा आणि कुणी त्याला 'तुम्ही कोण' म्हणून विचारलं नाही. अक्का त्याच्यासाठी वेगळा डबा आणायची. शेजारच्या खाटेवरच्या बाईंना सांगायची, "मित्र म्हंजे असा पायजे. आमच्या भाऊबंदात एक न्हाय असला." तू माझ्याकडं बघून भुवया उडवायचास. बघ, वकीलबाईंना सांग.

मी म्हणालो, विचारत नाहीत म्हणून चाललंय. ज्या दिवशी कुणी विचारेल त्या दिवशी काय?

"त्या दिशी तुझा कायदा आन," तू म्हणालास आणि हसलास, आणि हसल्यामुळं दुखलं म्हणून मला शिवी दिलीस. आपल्या भांडणात तू एवढीच माघार घेतलीस. नीट धरून ठेवावी असं मला तेव्हा वाटलं नाही. वाटलं, घरी आलास की पुढं बोलू.

रुद्रभूमीत महेश मित्रांच्या घोळक्यात उभा होता. आधी घरच्यांनी माती दिली, मग भाऊबंदांनी, मग आम्ही. त्याची पाळी आली तेव्हा त्याची मूठ उघडेना. मागची माणसं थांबली. कुणीतरी म्हणालं, "चला, पावणं, पुढं चला." मल्लू, माझा कायद्याचा मुद्दा इथं येतो. तू उत्तर देणार नाहीस म्हणून तो जास्त जोरात मांडत नाही. पण तो येतो. अक्का तिकडं बघत होती. तिनं 'थांबा' म्हणून हात वर केला आणि मूठ उघडेपर्यंत तो खाली घेतला नाही.

त्यानंतर मी सर्जनना भेटायला गेलो. तू असताना त्यांनी कंपाउंडरला सांगून ठेवलं होतं की पेशंटला आधी एकट्याला आत सोडायचं. काही आठवडे तसं झालंही. तू ते अभिमानानं सांगायचास. परवा दार सताड उघडं होतं आणि आत एका तरुण मुलीभोवती घरची पाच माणसं उभी होती. मी विचारलं. ते थकलेले दिसले. "लोक भांडतात हो. एका सासूबाईंनी खुर्ची सोडली नाही. रोज कुणाकुणाशी भांडू?" मग म्हणाले, "तुमच्या त्या मित्राचं आठवतं मला. पण तुम्ही कुठं तरी लिहा ना. लोकांना माहीत असेल तर आम्हाला सांगायला सोपं जाईल."

म्हणजे तुझा प्रश्न अजून त्या सभागृहातच आहे, आणि छापायचं माझ्याकडं राहिलेलं आहे. शेवटच्या दिवसांत तू तेच म्हणाला होतास. "म्या गेल्यावर ल्हिव. प्रश्न छाप. कशासाठी इचारला ते बी ल्हिव. पर अक्काला चोरून न्हाय." हे तू इतक्या सहज म्हणालास, जणू काही सोपं काम दिलंस. महेशला मी मजकूर वाचायला दिला. त्यानं एक वाक्य काढायला सांगितलं, ते काढलं. मग मी पेपरच्या घडीत मजकूर घालून लक्ष्मीपुरीत गेलो.

दुपार होती, गिऱ्हाईक नव्हतं. अक्का गादीवर मिरच्या निवडत होती. तुझी कलंडायची जागा रिकामी ठेवलेली. मी एकदा शिंकलो आणि सांगून टाकलं. "अक्का, मल्लूवर लिहिलंय. नाव बदललंय, पण तुम्ही ओळखाल. त्या दिवशी त्यानं डॉक्टरांना आत काय सांगितलं, तेही त्यात आहे. तुम्हाला आधी वाचून दाखवायला आलोय. तुम्ही नको म्हणालात तर छापणार नाही."

अक्काला उत्तर द्यायचं नसलं की ती कानडीत मोजायला लागते. ती मिरच्या मोजत राहिली, ज्या कुणी कधी मोजत नाही. मग हात थांबले.

"त्या दिशी तुमी मला भायेर धरलासा न्हवं?"

"हो."

"मिरचीचं कायबी ल्हिवनार नव्हता."

"नव्हतो."

"म्या वळखलं. घरी गेल्यावर वळखलं. लय राग आला. म्हटलं, ह्येला म्या न्हाऊ-माखू घातलं, आन् आता ह्यो मला दाराभायेर बसवतोय."

"मग त्याला विचारलं नाहीत?"

"इचारनार हुते. ताट वाढलं आन् इचारनार, तर त्यो जेवाया लागला. किती दिसांनी पोटभर जेवला. मागून घेतलं त्यानं." ती मिरचीचं देठ मोडत म्हणाली. "म्हटलं, आत जे काय बोलला असंल ते बोलल्यानं ह्येला भूक लागली. मग म्या कशाला इचारू?"

मी पेपरची घडी उघडली. "वाचू?"

"नगं."

"अक्का, सगळं गाव वाचेल. तुम्हालाच तेवढं..."

"त्येला मला सांगायचं असतं तर त्यानं सांगितलं असतं. तोंड हुतं त्येला. तुमी छापा. त्येचा जो प्रश्न हाय त्यो छापा. पर मला वाचून दावू नगा. त्यानं मला भायेर बसवलं हुतं, म्या भायेरच बसती."

"तुम्ही रोज पेपर वाचता."

"त्या दिसाचा न्हाय वाचनार."

रस्त्यावर हातगाडी उलटली आणि कुणीतरी कुणाला तरी शिव्या द्यायला लागलं. अक्कानं मान वळवून बघितलं नाही. मी उठलो. पायऱ्या उतरत होतो तेव्हा तिनं हाक मारली.

"पत्रकार! त्या दिसाचे अंक जादा धाडा. पुड्यास्नी लागत्यात. घरोघरी जाईल की तुमचं ल्हिवनं." आणि मग, नेहमीच्या आवाजात, "आन् मिरचीचं बी ल्हिवा. माझं नाव घालून. बदललेलं नगं."

मल्लू, गठ्ठा मी स्वतः नेऊन देणार आहे. अक्का घडी न उघडता त्याचे चौकोन फाडेल, त्यात पावशेर मिरची घालून दोरा गुंडाळेल आणि गिऱ्हाइकाच्या हातात देईल. कुणाच्या तरी स्वयंपाकघरात पुडी सुटेल आणि तिच्या कागदावर तू खांबाला टेकून उभा असशील, हातात माईक घेऊन. हसतील कदाचित. पुढच्या खेपेला दवाखान्यात गेल्यावर त्यातलं एखादं माणूस दाराशी थांबेलही. एवढ्यानं माझं समाधान होत नाही, आणि तू असतास तर कायद्यावरून मी पुन्हा वाद घातला असता. पण दुकान उघडं असेल, पेपर गावभर वाचला जात असेल, आणि तुझी बहीण दिवसभर तुझ्या दाराबाहेर बसून असेल, आत न डोकावता.